दोन आखूड, एक लांब

ता. ४ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोहोचलं. दाजींचा खांदा आता वर उचलता येतो हे वाचून बरं वाटलं. उत्तराला उशीर झाला त्याचं कारण पुढे येईलच. ते वाचून लगेच रागावू नकोस, आधी पूर्ण वाच.

बाबांची तब्येत होती तशीच आहे. उजवी बाजू हलत नाही. वाचा गेली ती गेलीच. आठ महिने झाले, आता शब्दांची आशा धरू नका, असं डॉक्टर म्हणाले. पण एक चांगली गोष्ट घडली आहे. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं की शब्द नाहीत तर नाहीत, जिभेने कुठलाही आवाज काढायला लावा. दीड महिना बाबा आणि मी रोज त्याच्या मागे लागलो आणि आता बाबांना एक आवाज जमतो. पाणी हवं, कूस बदलायची आहे, भांडं हवं, सगळ्याला तोच. मी कामावर असलो की शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या मावशी तो भिंतीपलीकडून ऐकतात आणि येतात. एक किल्ली त्यांच्याकडे आहे. म्हणून मी कारखान्यात मान खाली घालून बसू शकतो.

आता कारण. मी एक कुत्री घरी आणली आहे.

माझं काम म्हणजे उजेडाच्या पडद्यासमोरून सरकणाऱ्या बाटल्यांतून तडा गेलेली उचलून काढणं. काढलेल्या बाटल्या मागच्या ढिगावर मीच टाकतो. त्या ढिगाच्या आडोशाला ती महिनाभर राहत होती. पुढच्या पंजात काच घुसलेली. मी डबा खाऊन उरलेला पाव लांब ठेवून यायचो, मी वळलो की ती खायची. मागच्या सोमवारी मुकादमाने सांगितलं की साहेबांनी तक्रार केली आहे, गुरुवारी कुत्र्यांची गाडी येणार. तिचा डावा कान टोकाला सरळ कापलेला आहे, म्हणजे एकदा नेऊन, ऑपरेशन करून परत सोडलेली. मी ते दाखवलं, तर तो म्हणाला की तक्रार असली की अशांनाही नेतात आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला सोडून देतात. तिथली कुत्री त्यांना फाडतात.

त्या दिवशी माझ्या हातून दोन तडकलेल्या बाटल्या पुढे गेल्या. चार वर्षांत असं झालं नव्हतं. बुधवारी तिला बाटल्यांच्या रिकाम्या क्रेटमध्ये घालून हातगाडीवरून घरी आणलं. चावली नाही. ओट्याखाली जी शिरली ती अजून तिथेच आहे. तिला मी पाहुणी म्हणतो, कारण राहील की नाही ते अजून ठरलेलं नाही. राहिली नाही तर तिला ती गाडीच आहे, दुसरं काही नाही.

चुकलो असेन तर कानउघाडणी कर, पण माया आटू देऊ नकोस.

तुझा धाकटा


ता. ११ ऑक्टोबर

चि. पंतोजींस,
अनेक आशीर्वाद.

आठवीत शाळा सोडलेला माणूस हेडमास्तरांसारखी पत्रं लिहितो आणि एक कुत्री घरात आणली हे सांगायला दीड पान घेतो. मला वाटलं, तू लग्नच केलंस. दाजींना वाचून दाखवलं. ते म्हणाले, त्याला कळव, आमच्याकडे भुंकणारी एक आधीच आहे आणि बारा वर्षांत तिचीच सवय झालेली नाही.

रागावले नाही. घाबरले. आजारी माणूस, दहा तासांची पाळी, त्यात हे. पण तू आता तिला बाहेर काढणार नाहीस हे मला ठाऊक आहे, तेव्हा ऐक. इतक्यात आंघोळ घालू नकोस. डोळ्यांत बघू नकोस. रोज एकाच वेळी, एकाच जागी खायला ठेव आणि तिच्याकडे पाठ करून बस. माझ्या लॉन्ड्रीतल्या इस्त्रीवालीने तिचं कुत्रं असंच माणसात आणलं.

बाबांच्या घरात कुत्री. हसावं की काय करावं ते कळेना.

आणि एक. बाबांना आवाज जमतो असं लिहिलंस, कसला आवाज ते लिहिलं नाहीस. तू बाटलीच्या झाकणाचंसुद्धा वर्णन करतोस आणि नेमकं हेच राहिलं. ते लिही.

जपून राहा आणि अधूनमधून स्वतःही जेवत जा, एवढाच माझा हुकूम.

तुझी ताई


ता. २० ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या सूचना कागदावर उतरवून ओट्याच्या वर चिकटवल्या आहेत. ताटली रोज चार बोटं बाहेर सरकवतो. काल तिने डोकं आणि दोन्ही पुढचे पाय बाहेर काढून खाल्लं. पंजातली काच आपोआप निघाली, जखम सुकते आहे. मी पाठ करून बसलो की तिचा श्वास ऐकू येतो. परवा नाक माझ्या सदऱ्याला लागलं. पाव मिनिट असेल. मी हललो नाही.

पण एक गोष्ट सुटत नाही. दिवसातून चार-पाच वेळा तिला काहीतरी होतं. सगळं शांत असताना ती एकदम थरथरायला लागते, जागेवरच घाण करते आणि भिंतीत शिरायला बघते. नखांतून रक्त येईपर्यंत भिंत खरवडते. मग तासभर हात लावू देत नाही, अन्नाला तोंड लावत नाही. मावशी म्हणतात, मी नसतानाही तसंच होतं.

मी तक्ता केला. वेळ, मी कुठे होतो, काय हललं, काय वाजलं. पहिला संशय बाबांच्या भांड्यावर, कारण ते पत्र्याचं. त्याला खालून रबर लावलं. फरक नाही. मग तेलाच्या वासावर. तेल बदललं. मग कोपऱ्यातल्या काठीवर. काठी मावशींकडे ठेवली. मग तक्त्यात दिसलं की बहुतेक वेळा मी बाबांचं काहीतरी करायला उठलेला असतो. म्हणजे माणसाच्या उभं राहण्याला घाबरते. म्हणून मी आता बाबांकडे गुडघ्यांवर चालत जातो. मावशींनी पाहिलं आणि विचारलं की तुझेही पाय गेले का रे. तरी फरक नाही.

बाबांचं मात्र नवल वाटतं. त्यांना जनावरं आवडतात हे मला माहीत नव्हतं. दिवसभर ओट्याकडे बघत पडतात. पावाचा तुकडा जेवणातून वाचवून डाव्या मुठीत धरून ठेवतात आणि तिला बोलावतात. तू आवाज विचारला होतास. जीभ टाळूला लावायची, ओठ थोडे पुढे, दोन आखूड आणि एक लांब. लांब जो आहे तो शेवटी जरा ओढायचा, लाडीगोडी लावल्यासारखा. फार गोड येतो. बाईंनी शिकवलेला नाही, त्यांचा त्यांनीच काढला.

तू इथे असतीस तर तुला तक्ता दाखवला असता. असो. आहे तशी माझी राहा.

तुझा धाकटा


ता. २५ ऑक्टोबर

चि. पंतोजींस,
आशीर्वाद.

तुझं पत्र लॉन्ड्रीत वाचलं. दुपारनंतर काम झालं नाही.

तक्ता फाडून टाक. गुडघ्यांवर चालणं बंद कर. ती तुला घाबरत नाही.

आईने तुला सांगितलं की बाबा नगरपालिकेच्या गाडीवर ड्रायव्हर होते. ड्रायव्हर दुसरा होता. बाबा मागच्या फळीवर उभे असायचे, हातात तारेचा फास. ती कुत्र्यांचीच गाडी. तू लिहिलेला आवाज त्यांचा आहे, आजारपणात सापडलेला नाही. दोन आखूड, एक लांब. त्याने कुठलंही कुत्रं येतं अशी त्यांची ख्याती होती. नवीन लोक कामाला लागले की बाबा त्यांना अंगणात ओळीने उभे करून तो शिकवायचे. आम्ही खिडकीतून बघून हसायचो. आज गाडीवर जे आहेत ते त्यांच्याच हाताखाली शिकलेल्यांनी शिकवलेले. तुझ्या पाहुणीचा कान कापला त्यांनीही तिला असंच गोड बोलावून घेतलं असेल.

एवढं लिहून थांबणार होते. पण अर्धं सांगितलं तर तू रात्रंदिवस उरलेलं शोधत बसशील.

मी दहा वर्षांची होते, तू तीन. कुत्री बाबांना ओळखायला लागली होती, गाडी वळली की पांगायची. वरून बोलणी बसत होती. शाळेला सुट्टी होती. बाबांनी मला तो आवाज शिकवला. मला एका दिवसात जमला आणि मला त्याचा फार अभिमान वाटला. मग मला फ्रॉक घालून, पिशवीत पावाचे तुकडे देऊन ते बरोबर घेऊन गेले. लहान मुलीला कोण घाबरतं. मी रस्त्याच्या मधोमध उभी राहायचे आणि बोलवायचे.

पहिल्या दिवशी पहिला आला तो आपल्याच गल्लीतला लंगड्या. त्याला मी रोज शिळा पाव द्यायचे. तो शेपूट हलवत आला. माझ्या हातातला तुकडा त्याच्या तोंडात होता तेव्हा त्याच्या गळ्यात फास पडला. त्या वेळी कान कापून सोडून द्यायची पद्धत नव्हती. मी बाबांकडे बघितलं. ते म्हणाले की छान, आता पुढच्या कोपऱ्यावर.

मी सहा दिवस गेले. हे लिहायला मला जड जातं. पहिल्या दिवसानंतरही गेले. सातव्या दिवशी आईने मला आत्याकडे पाठवून दिलं. तुला वाटतं, मी शिकायला गेले. आई गेली तेव्हाही मी आत का आले नाही असं तू विचारलं होतंस. त्याचं उत्तर हे.

शब्द सगळे गेले आणि तेवढाच राहिला. बाबांना तू सांग किंवा नको सांगूस, ते तुझ्यावर.

तू स्वतःला दोष देत बसू नकोस. तुझ्यावरचा जीव तसूभरही कमी झालेला नाही.

तुझी ताई


ता. ८ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोहोचल्यापासून इथे काय झालं तेवढं लिहितो.

तक्त्यात बाबांचा आवाज मी कारणांत धरलाच नव्हता. भांडं वाजतं, काठी पडते, ते आवाज. बाबांचं मी बोलणं समजत होतो. ते मी पाहुणीला लळा लावण्याच्या रकान्यात लिहीत होतो.

मी बाबांना सांगितलं. तू लिहिलंस हे नाही सांगितलं, पाहुणी त्या आवाजाला घाबरते आणि का घाबरते ते मला कळलं आहे, एवढंच. त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. दोन दिवस जेवले नाहीत, आवाज काढला नाही. अंथरूण ओलं झालं तरी काढला नाही. मूठ उघडून बघितली तर तुकड्याचा चुरा झाला होता.

मग मी सायकलची घंटी आणली. खाटेच्या दांडीला, डाव्या हाताला. बाबा उताणे, कुशीवर आणि उशीला टेकून असे तीन प्रकारे निजतात. तिन्ही वेळा अंगठा कुठे पोहोचतो ते मोजून, मधली जागा काढून, दोन स्क्रूंनी पक्की केली. पाहुणी घंटीलाही दचकू नये म्हणून तिच्यावर आधी फडक्याच्या सात घड्या गुंडाळल्या आणि रोज एक कमी केली. आठव्या दिवशी उघडी घंटी वाजली तेव्हा तिने फक्त कान हलवला. मावशींनाही ती भिंतीपलीकडे स्वच्छ ऐकू येते.

त्या दिवसापासून बाबांनी तो आवाज काढलेला नाही. हातही पुढे करत नाहीत. नुसते बघतात.

पाहुणी सुधारते आहे. ओट्याखालून निघून खोलीच्या मध्यापर्यंत येते. शनिवारी खिडकीतून ऊन पडलं होतं तिथे, खाटेपासून दोन हातांवर, ती अर्धा तास निजली. पोट वर करून. माझा पाय मुंग्यांनी बधिर झाला, पण मी हललो नाही. बाबाही हलले नाहीत. मला वाटलं, जमलं.

लॉन्ड्रीच्या वाफेत डोळे सांभाळ. मी तुला कधी काही विचारून दुखावलं असेल तर पोटात घाल.

तुझा धाकटा


ता. २८ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बाबा पडले. जिवंत आहेत. आठ दिवस इस्पितळात होते, काल घरी आणलं.

गेल्या आठवड्यात बुधवारी मी सकाळी साडेसातला गेलो. मावशी दहाला पाणी देऊन गेल्या. त्यानंतर केव्हातरी बाबा खाट आणि भिंत यांच्यामध्ये पडले, उजवा हात अंगाखाली. मी साडेपाचला आलो. डॉक्टर म्हणाले, सात तास तरी पडून होते. गाल फरशीला चिकटला होता. छातीत पाणी झालं, खांदा निखळला, कमरेवर कातडं गेलं.

घंटी वर होती. मी जी उंची मोजली होती ती निजलेल्या माणसाची. पडलेल्या माणसाची मोजली नाही. रोज हजारो बाटल्यांत केसाएवढा तडा बघणाऱ्याला हे दिसलं नाही.

मावशी दिवसभर घरात होत्या. मशीनचा पट्टा तुटला म्हणून मशीनही बंद होतं. घंटी वाजली नाही, म्हणून त्यांना वाटलं, बाबा निजले असतील. त्यांना मी तोंड दाखवू शकत नाही आणि त्या मला.

मला आधी वाटलं, पडल्यावर त्यांना आवाज काढता आला नसेल. डॉक्टरांनी जीभ बघितली. तिला काहीही झालेलं नाही. मग मला आठवलं की मी आलो तेव्हा पाहुणी ओट्याखाली होती आणि तिच्याखालची फरशी कोरडी होती. भिंतीवर नवीन ओरखडा नव्हता. ताई, सात तासांत त्यांनी तो एकदाही काढला नाही.

इस्पितळात मी त्यांच्या कानाशी सांगितलं की आता काढायचा, हवा तेव्हा, पाहुणीचं मी बघतो. त्यांनी ओठ मिटून घेतले. ती घरात आहे तोवर ते काढणार नाहीत. आणि तो काढला नाही तर पुढच्या वेळी कुणी वेळेवर येणार नाही. मी काम सोडून घरी बसू शकत नाही. म्हणजे तिला जावं लागेल.

चार जणांना विचारलं. कारखान्याचा रखवालदार नाही म्हणाला. व्यायामाच्या बाईंच्या घरी लहान बाळ आहे. मुकादम नुसता हसला. चौथा आमचा पाववाला, त्याने पाहुणीचा कान बघितला आणि दार लावलं. पुन्हा ढिगाकडे सोडावं तर साहेबांची तक्रार कायम आहे. पुढच्या आठवड्यात मी स्वतःच गाडीला कळवणार आहे. निदान मी बरोबर जाईन आणि तिला कुठे सोडतात ते बघेन.

ती आता माझ्या पायावर हनुवटी ठेवते. हे लिहितानाही ठेवली आहे.

काही कळेनासं झालं आहे. मला विसरू नकोस.

तुझा धाकटा


ता. १ डिसेंबर

चि. पंतोजींस,
आशीर्वाद.

हे पत्र मुद्दाम लॉन्ड्रीच्या गाडीवाल्याच्या हाती पाठवते आहे. गाडीला कळवायचं नाही. रविवारी सकाळी मी येते. बसमध्ये कुत्रं घेत नाहीत, तेव्हा परतीला टेम्पो ठरवून ठेव. दाजींना विचारलेलं नाही, सांगितलं आहे.

मी कुत्रीसाठी येते आहे. हे वाक्य दोनदा वाच. बाबांना काही सांगू नकोस, उशी सरळ करू नकोस, घर आवरू नकोस.

धीर सोडू नकोस.

तुझी ताई


ता. ९ डिसेंबर

चि. पंतोजींस,
अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोहोचलो. टेम्पोत ती सगळा वेळ माझ्या चपलेवर बसून होती. वाटेत एकदा ओकली.

तू टेम्पो आणायला कोपऱ्यावर गेलास तेव्हा काय झालं ते तू विचारलं नाहीस, मीही निघताना बोलले नाही. टेम्पोवाला ऐकत होता. आता लिहिते.

मी उंबऱ्यावरच थांबणार होते. पण तुझी पाहुणी ओट्याखालून निघेना, म्हणून आत यावं लागलं. खाली बसून, तू सांगितलंस तशी, पट्टा लावला. बाहेर यायचं तर खाटेजवळूनच यावं लागतं. बाबा जागे होते. एकवीस वर्षांनी मी त्यांना बघत होते. मी त्यांना मोठा माणूस म्हणून ओळखत होते. खाटेवर एक लहानसं काहीतरी होतं, पांघरुणाखाली.

मला ओळखलं की नाही, माहीत नाही. त्यांनी आधी कुत्रीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग डावा हात उचलला. मला वाटलं, घंटी वाजवणार. त्यांनी तो तोंडावर ठेवला आणि दाबला. नखं पांढरी पडली होती. नाकाने श्वास घेत होते, फुसफुस आवाज येत होता. ती खाटेला अंग घासून गेली तरी हात तसाच.

तिला बाहेर खांबाला बांधून मी दारातून सांगितलं की ती गेली, आता हात काढा. त्यांनी काढला नाही. मी पुन्हा सांगितलं. माझ्याकडेच बघत होते. म्हणून मला परत आत जावं लागलं. मी तो हात धरला, तोंडावरून काढला आणि पांघरुणावर ठेवला. गार होता. दाढीचे खुंट माझ्या बोटांना लागले. तेवढ्यात तुझा टेम्पो वाजला.

एवढंच. मी माफ वगैरे केलेलं नाही, तू पत्र उराशी धरून रडत बसू नकोस. तो हात कुत्रीसाठी होता की माझ्यासाठी ते मला कळलं नाही आणि ते आता सांगू शकत नाहीत. मला मात्र ते दिवसातून दहादा आठवतं. इस्त्री दोनदा कपड्यावर राहिली.

बाबा आता आवाज काढतात का, ते कळव. काढत नसतील तर मी गेले आहे, दोघीही गेलो आहोत, असं त्यांना रोज सांग. कंटाळू नकोस. मावशींना भिंतीला कान लावून बसायला सांग.

पाहुणी मागच्या अंगणात पाण्याच्या पिंपामागे आहे. आज तिसरा दिवस, काही खाल्लेलं नाही. पाणी प्यायली. दाजी तिला मोठ्या तोऱ्यात सल्ले देतात आणि ती त्यांच्याकडे बघतही नाही. त्यांना म्हटलं, बघा, ही तुम्हाला दोन दिवसांत ओळखून बसली.

काल ते म्हणाले, अगं तिला बोलाव तरी. कुत्र्याला बोलवायची मला एकच रीत येते आणि ती माझी जीभ अजून विसरलेली नाही, हे मी काल पिंपाजवळ बसल्यावर ओळखलं. ओठ आपोआप पुढे आले होते. मी उठून आत गेले.

आज पुन्हा बसले. ओठ दातांत धरून. तिला बोलावणार नाही. ताटली मधोमध ठेवली आहे. आली तर तिची तीच येईल.

तुला माझी काळजी आहे तशी मलाही तुझी आहे, ती दोघांनी निम्मी निम्मी वाहू.

तुझी ताई